अ‍ॅडॅप्टरकाका

फ्रान्समधल्या कुठल्याही कॅम्पसाइटवर उन्हाळ्यात जा, एक गृहस्थ हमखास भेटतात. हाफ पँट, मोज्यांवर सँडल, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि हातात निळा प्लग. ते इंग्रज असतात, डच असतात, जर्मनही असतात. लोआरच्या खोऱ्यात आमच्या वाट्याला आले ते मात्र मूळचे सांगलीचे. वीज मंडळातली नोकरी सोडून इंग्लंडात गेले, तिथंच निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशांतून मोटरहोम घेतली. काकू म्हणतात, "यांनी गाडी घेतलीच मुळी प्लग लावायला."

काकांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. एक, दिवा लागला की "झालं!" म्हणणारी. दुसरे, ते स्वतः.

गाडी जागेवर लागली की बाकीचे खुर्च्या उघडतात, काका बिस्किटांचा जुना डबा उघडतात. आत अ‍ॅडॅप्टर. कॅम्पसाइटचा ठरलेला प्लग म्हणजे निळा, गोल, तीन पिनांचा, आणि तो युरोपात बहुतेक ठिकाणी चालतो. पण जुन्या साइटवरच्या खांबाला घरातलं साधं सॉकेटच असतं, आणि तिथं ज्याचा त्याचा देश वेगळा. फ्रेंच सॉकेटमधून अर्थची पिन बाहेर आलेली, जर्मनमध्ये अर्थच्या पट्ट्या कडेला, इटालियनमध्ये तिन्ही भोकं एका ओळीत. डेन्मार्कवर काकांचा विशेष राग. तिथल्या सॉकेटात जर्मन प्लग आरामात बसतो, वीजही येते, फक्त अर्थ जोडला जात नाही. "आणि दिवा लागतो!" हे वाक्य काका असं उच्चारतात, की दिवा लागणं हा फौजदारी गुन्हा वाटावा.

आमच्या शेजारी लंडनहून भाड्याची मोटरहोम घेऊन आलेलं एक पुणेरी जोडपं होतं. मुलानं वायर आधी खांबाला लावली आणि चालू टोक हातात धरून ओल्या गवतातून गाडीकडे निघाला. काका हातातला चहा टाकून धावले. "थांब! आधी गाडी, मग खांब. आणि निघताना आधी खांब, मग गाडी. आतलं सगळं बंद ठेवून." सत्यनारायणाला कथेआधीच प्रसाद वाटणाऱ्याकडे भटजी ज्या नजरेनं बघेल, त्या नजरेनं काका त्याच्याकडे बघत होते.

मग तपासणी सुरू झाली. वायर रिळावर गुंडाळलेलीच होती. पाच मीटर हवी होती म्हणून तेवढीच सोडलेली. काकांनी रिळाला उलटा हात लावला नि मान हलवली. "पंचवीस मीटर असली तर पंचवीसच्या पंचवीस मीटर सोडायची. गुंडाळलेल्या वायरची उष्णता जाणार कुठं? आतल्या आत वितळते." वायर अडीच स्क्वेअर एमएमची आहे हे वाचून त्यांना जरा बरं वाटलं. अ‍ॅडॅप्टरचा जोड गवतात पडला होता. तो त्यांनी उचलून खांबाच्या झाकणाखाली टांगला. "घरातली वस्तू आहे ही, पावसात कुठं ठेवतोस?"

"पण काका, दिवा लागलाय की," मुलगा म्हणाला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

काकांनी खिशातून टेस्टर काढला. हा म्हणजे सॉकेटात खोचायचा तीन छोट्या दिव्यांचा ठोकळा. दिव्यांचा मेळ सांगत होता, फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल. फ्रेंच गाडीतले ब्रेकर दोन्ही तारा एकदम तोडतात, म्हणून तिकडं कुणाला याचं काही वाटत नाही. जुन्या ब्रिटिश गाडीत स्विच एकच तार तोडतो. तो बंद केला तरी उलट्या जोडणीत फेज उपकरणापर्यंत येऊन बसलेलीच. जर्मन प्लग उलटा करून खोचला की काम भागतं, फ्रेंच प्लग अर्थच्या पिनेमुळे उलटा बसतच नाही. त्यासाठी काकांकडे मुद्दाम तारा उलट्या जोडलेली एक आखूड वायर आहे. तिच्यावर लाल टेप, आणि टेपवर देवनागरीत 'उलटा'. मागायला येणाऱ्या इंग्रजाला हे वाचता येत नाही, आणि काकांना तेच हवं असतं. ती वायर ते कुणाच्या हाती देत नाहीत, स्वतः येऊन लावतात नि स्वतः काढतात.

अर्थचा दिवा लागला नाही तर मात्र काका कुठलाच उपाय करत नाहीत. वायर काढायची, ऑफिसात जायचं, दुसरी जागा मागायची. "गाडीचं अंग पत्र्याचं, खाली टायर रबराचे. गळती झाली तर तिनं जायचं कुठून? एक पाय पायरीवर नि एक ओल्या गवतात ठेवून उभा आहे, त्याच्यातून!" गाडीत तीस मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर असतो, पण तोही चालतो की नाही हे काका दर मुक्कामी टेस्टचं बटण दाबून बघतात. काकूंचा मोबाइल आजवर पूर्ण चार्ज झालेला नाही.

संध्याकाळी पुणेरी सुनबाईंनी किटली लावली आणि गाडीभर अंधार झाला. काकांचा चेहरा उजळला. खांब सहा अँपिअरचा. सहा गुणिले दोनशे तीस, म्हणजे १३८० वॅट. ब्रिटिश किटली ३००० वॅटची. "त्यात तुमचा फ्रिज चालू!" खांबाच्या पेटीला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गावात. त्या रात्री त्या जोडप्यानं काकांकडेच चहा घेतला. काकू चहा गॅसवर करतात. विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि संसारात याच एका बाबतीत दोघांचं एकमत आहे.

हसण्यावारी नेणारे सगळे रात्री हळूच प्लग घेऊन काकांच्या दारात येतात, हेही सांगायला हवं. इंग्रज येतो, बेल्जियन येतो, भाषा कुणाचीच कुणाला धड कळत नाही. काका टेस्टरचे दिवे दाखवतात नि बोटानं 'नाही' म्हणतात. तेवढं सगळ्यांना कळतं.

शेवटच्या दिवशी काकूंनी त्यांना ओढून शेनाँसोला नेलं. सोळाव्या शतकातला महाल, त्याचं लांबलचक दालन थेट शेर नदीवर कमानी टाकून उभं केलेलं. खिडकीखालून पाणी वाहतंय, पायाखाली काळ्यापांढऱ्या फरश्या, बायकामाणसं हरखून फोटो काढतायत. काका मात्र भिंतीच्या कडेकडेनं वाकून चालत होते.

"अहो, वर बघा तरी!"

"सॉकेट शोधतोय. एवढं पाण्यावर बांधलंय, अर्थिंग कुठं केलंय यांनी?"

"आपल्याला इथं प्लग लावायचा नाहीये."

"आपल्याला नाही गं," काका काळजीनं म्हणाले, "पण लावलाच कुणी तर?"