वजन हवं की चमक?

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या वहिनींच्या बोटात काल ती जांभळ्या खड्याची अंगठी होती ना, ती विकतची नाही हो! भाऊंचा दगड तो. तोच, ज्याच्यापायी ऐन संक्रांतीत नवरा-बायकोनं एकमेकांना तिळगूळ दिला नव्हता.

तुम्हाला काय सांगायचं, भाऊ पाटबंधाऱ्यात होते तेव्हापासून कुठे विहीर खणायला घेतली की हे पिशवी घेऊन हजर. आपल्या काळ्या कातळात पोकळ्या असतात, त्यात स्फटिक धरतात म्हणे. लोक सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये तिकीट काढून बघतात, ते यांच्या पलंगाखाली फुकट! केर काढताना वहिनी काय काय पुटपुटतात ते इथून स्वच्छ ऐकू येतं, पण जाऊ दे, आपल्याला काय करायचंय...

तर काय सांगत होते, हं. लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून भाऊंच्या मनात आलं, आपल्याच दगडाला पैलू पाडून हिला अंगठी करायची. या वयात हो! आमच्याकडे साधा गजरा येत नाही. गेले आपल्या सराफ बाजारात. सराफ पिढीजात ओळखीचा, पण म्हणाला, "भाऊ, खडा आणा, बसवून देतो. पैलू पाडणं आमचं काम नाही." मग जावयाच्या ओळखीनं सुरत. हिऱ्यांचं एवढं गाव, म्हटलं एवढासा दगड तर चुटकीसरशी होईल. कारखान्यातला माणूस हसलाच! हिऱ्याचं काम वेगळं, रंगीत खड्याला आम्ही हात लावत नाही, म्हणाला. भाऊंचा चेहरा असा पडला की जावयानं त्यांना घारी खायला नेलं. घारी मात्र डबाभर आली, मला दोन मिळाल्या.

शेवटी दिवाळीनंतरच्या राजस्थान टूरमध्ये जयपूरला योग आला. ग्रुप हवामहालासमोर फोटो काढतोय आणि हे दोघं जोहरी बाजारामागच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या चाचांपुढे. पुरचुंडीत पाच दगड. चाचा एकेक पाण्यात बुडवायचे, दिव्यासमोर फिरवायचे. पुण्याकडच्या खाणीतला तो हिरवा अपोफिलाईट, भाऊंचा जीव की प्राण, तो पहिल्याच फेरीत बाद. पापुद्र्यासारखा सुटतो म्हणे, सुरीनंसुद्धा ओरखडा जातो, अंगठीत काय टिकणार? दोन तडकलेले निघाले. चौथा जांभळा हातात घेऊन चाचांनी विचारलं, "हा उन्हात होता का?" रंग विटला होता हो! वहिनींनी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी वहिनींकडे. खिडकीत कोणी ठेवला होता? वहिनींनीच! "पलंगाखालून काढून जरा उजेडात ठेवला," म्हणाल्या. बारा वर्षं.

राहिला पाचवा. त्याचाही रंग सगळा एका टोकाला. तर चाचा म्हणाले, ते टोक मी तळाशी ठेवीन, वरून बघाल तर सगळा खडा जांभळा दिसेल. आहे की नाही हातचलाखी? आणि मग विचारलं, वजन हवं की चमक? वहिनी लगेच, "दोन्ही!" तसं नसतं म्हणे. खडा मोठा राहावा म्हणून तळ उथळ ठेवला तर उजेड खालूनच निसटतो, मधोमध खिडकीसारखं आरपार होतं, खालची बोटाची कातडी दिसते. भाऊ म्हणाले, चमक.

वहिनी काही कच्च्या नाहीत. दगडाचे चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो, वजन चिठ्ठीवर, चिठ्ठीवर चाचांची सही. बारा ग्रॅम, म्हणजे साठ कॅरेट. आणि कुरिअरनं आला केवढा? अकरा! संक्रांतीच्या आदल्या दिवशी. वहिनींचा आवाज तर तुम्हीही ऐकला असेल. "उरलेले एकोणपन्नास कुठे गेले? बदलला, नाहीतर अर्धा ठेवून घेतला!" भाऊ समजावतायत, अगं, चीर कापावी लागते, तिरपं घासावं लागतं, पाचातला एक हिस्सा हाती आला तरी पुष्कळ. पण ऐकतंय कोण!

शेवटी सराफानंच भिंग लावलं. फोटोत दगडाच्या पोटात एक तांबूस सुई दिसत होती बघा, केसाएवढी. तीच सुई खड्यात, कडेला, जागच्या जागी. वहिनी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "सोन्यातच बसवा." मजुरी खड्याच्या किमतीहून जास्त पडली, हे सराफानं माझ्या कानात सांगितलं. भाऊंना बोलू नका हं!

आणि आता नवीनच. परवा ते मोठं खोकं उतरलं ना टेम्पोतून? मिक्सर नव्हे हो, पैलू पाडायचं मशीन! भाऊ स्वतःच शिकणार. पलंगाखालचे सगळे दगड... अगबाई, ऐका ऐका, सुरू झालं बघा घर्रर्र. आणि त्या आल्याच गॅलरीत, कानात कापूस घालून. हसू नका, हसू नका, इकडेच बघतायत. काय वहिनी, झाला का चहा?