मुळशीला गेले, गोव्याला नाही

“अगं मेधा, इकडे ये जरा कुंपणाशी. मास्क असू दे, कान मोकळे ठेव. समोरचे परत गेले!”

“कुठे काकू?”

“मुळशीला. मागे ताम्हिणी झालं, आता हे. तीन दिवस रानात. पहाटे दवात अनवाणी चालायचं, झाडाखाली डोळे मिटून बसायचं, आणि वर पैसे मोजायचे. आमच्या सासूबाई जन्मभर अनवाणी चालल्या, त्यांना कुणी पावती नाही फाडली.”

“अहो, पण त्याला शास्त्र आहे. जपानच्या वनखात्यानं 1982 सालीच हे सुरू केलं. शिनरिन-योकू म्हणतात. पुढे तिकडच्या डॉ. चिंग ली यांनी ऑफिसातल्या माणसांना तीन दिवस जंगलात फिरवून आणलं आणि त्यांचं रक्त तपासलं. विषाणूंशी लढणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या.”

“किती माणसं होती?”

“पहिल्या खेपेला बारा.”

“बारा! आपल्या भिशीत जास्त बायका आहेत. आणि करोनाचं काय? तो पळतो का त्यानं?”

“तसं कुणीच म्हटलेलं नाही. नुकतं यंदा, 2021 च्या मार्चमध्ये उत्तराखंडच्या वनखात्यानंही राणीखेतजवळ असं केंद्र काढलंय, चीडाच्या जंगलात. तिथे झाडांना मिठ्या मारतात.”

“झाडांना?”

“हसू नका. गेल्या वर्षी आइसलँडच्या वनखात्यानं लोकांना सांगितलं होतं, माणसांना जवळ घेता येत नाही ना, मग झाडांना घ्या.”

“हं. ते मात्र पटतं हो मला. समोरच्यांचे थोरले भाऊ एप्रिलमध्ये गेले ना, तेव्हा त्यांना खांद्यावर हात ठेवणारंही कुणी नव्हतं. ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्रभर फोन करत होते, आमच्या खिडकीतून ऐकू यायचं. तेराव्याला सगळे मोबाइलच्या पडद्यावर. तेव्हापासून त्या माणसाला झोप नाही. अँब्युलन्सचा आवाज आला की बोटाला ऑक्सिमीटर लावतात. बायको सांगत होती, ताम्हिणीला ते यंत्र बॅगेतच राहिलं, यांनी मागितलंसुद्धा नाही.”

“मग तुम्ही कशाला नावं ठेवता?”

“नावं नाही गं, बोलते आपली. आता त्या कोपऱ्यावरच्या जोश्यांचं घे. त्यांची सून जाते ती काही पेशी वाढवायला जात नाही. नवऱ्याचं ऑफिस बेडरूममध्ये, मुलाची शाळा जेवायच्या टेबलावर, सासऱ्यांचा काढा दिवसातून तीनदा. हिची नोकरी कुठे, तर गॅसच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून! मला हळूच म्हणाली, काकू, झाडंबिडं छानच आहेत, पण तिथे कुणीतरी मला ताट वाढतं.”

“खरं सांगू? मीही त्याचसाठी जाईन.”

“जा की. पण रानातच जा हो. ते त्या पिवळ्या बंगल्यातले दिवाळीनंतर गोव्याला गेले, तर सोसायटीच्या ग्रुपवर काय काय लिहिलं लोकांनी! लोक मरताहेत आणि यांना बीच सुचतोय. मीही लिहिलं होतं दोन ओळी. तेच मुळशीला गेले की, ‘वा, फुप्फुसांना चांगलं.’ पैसे तेवढेच, रिसॉर्टच, गाद्याही तसल्याच. पण जंगल म्हटलं की चैनीला डॉक्टरची चिठ्ठी मिळते.”

“काकू, तुम्ही म्हणजे ना!”

“खोटं आहे का? पावसाळ्यात भुशी धरणावर जमावबंदी, पोलीस गाड्या माघारी धाडत होते. तिथे जाणारी पोरं बेजबाबदार. आणि हे शहाणे, कारण यांच्या पॅकेजात प्राणायाम आहे! तुझ्या नणंदेचं आठवतं ना? गेल्या वर्षी गणपतीला स्वतःच्या गावी, कोकणात जायचं, तर आधी दहा दिवस विलगीकरण.”

“आणि पहिल्या लॉकडाऊनमध्ये तर किती गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. शहरातलं कुणी नको म्हणून.”

“टाकणारच. आपण त्यांच्याकडे काय घेऊन जाणार होतो, हवा खायला जाताना? आता येऊ देतात, कारण दीड वर्ष कुणाच्या हातात पैसा नाही. आमच्या शांताबाईंची भाची तिथेच कुठल्याशा रिसॉर्टवर भाकऱ्या करते. पहाटे चारला चूल. ही मंडळी दवात चालून येईस्तोवर टोपली भरलेली हवी.”

“मग तिला जंगलाचा गुण येत असेल नाही? रोजच तिथे.”

“विचारलं शांताबाईंनी. तर म्हणाली, मावशी, मला एकदा तुळशीबागेत न्या. गर्दीत फिरून किती दिवस झाले.”