वजाचं अधिक झालं हो!

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणाजवळ. पलीकडच्या वहिनींचा ओंकार... तोच हो, दहावीतला, सायकलची किल्ली सायकललाच ठेवून येणारा. त्याचा बीजगणिताचा पेपर मिळाला. ४० पैकी २३! आणि येत नव्हतं म्हणाल, तर तसंही नाही. रीत बरोबर, सूत्र बरोबर. वरच्या ओळीत वजा सात, खालच्या ओळीत अधिक सात! एके ठिकाणी तर प्रश्नातले १६ उतरवताना ६१ केले बाबानं. पेपर मला दाखवताना वहिनींचं तोंड एवढंसं झालं होतं.

भाऊजी अंगणातच सुरू झाले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "लक्ष कुठे असतं? नीट तपासायला काय होतं?" पोरगं मान खाली घालून उभं. वर आजींची फोडणी, "मोबाइल काढून घ्या, आपोआप सुधारेल." आता त्याला एडीएचडी आहे हे काय कॉलनीत कोणाला ठाऊक नाही? पण भाऊजींच्या लेखी तो नुसता आळस...

तर काय सांगत होते, पालकसभा! बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण निष्काळजी." आणि आपल्या वहिनी, ज्या भिशीतसुद्धा तोंड उघडत नाहीत, त्या म्हणतात कशा, "डॉक्टर ज्या डीएसएमवरून निदान करतात ना, त्यात लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत. पहिलंच हे, बारकावे सुटणं नि निष्काळजी चुका. दम्याच्या पोराला खोकतो म्हणून ओरडाल का?" बाईंचा चेहरा खर्रकन उतरला म्हणे!

मग वहिनी ओंकारला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर "नीट तपास" हे वाक्यच घरात बंद. जुने पेपर काढून चुकांची वर्गवारी करायला लावली, तीही ओंकारलाच. चिन्ह बदललं, आकडा चुकीचा उतरवला, उपप्रश्न सुटला. सगळ्यात जास्त भरली चिन्हं. मग आता पेपर सोडवून झाला, की एक फेरी फक्त चिन्हांची, बोट ठेवून. दुसरी फक्त आकड्यांची, प्रश्नाशी ताडून. सगळं एकदम शोधायला जायचंच नाही. घरी सराव करताना मध्ये उठून पाणी पिऊन यायचं, लगेच तपासलं की डोळ्यांना सगळं बरोबरच दिसतं. खालच्या ओळींवर कोरा कागद, आणि कच्चं काम चौकटीच्या वहीत. मला तर पटलं बाई.

आणि खरी गंमत पुढेच! डॉक्टर म्हणाले होते, एडीएचडी बरेचदा घराण्यात असतं. भाऊजी हसले. त्याच आठवड्यात त्यांचा मेंटेनन्सचा चेक परत आला, आमचे हे खजिनदार ना... अक्षरात पाच हजार, आकड्यात पाचशे! आजी पटकन बोलून गेल्या, "हा लहानपणी अस्साच होता." भाऊजी जे गप्प झाले, ते आता रोज संध्याकाळी पोराशेजारी बसतात.

चुका काही संपल्या नाहीत हो. चिन्हांच्या कमी झाल्या, तर परवा उत्तरापुढे एककच लिहिलं नाही. तेही यादीत गेलं. तुमच्या भाचीचा लेकही असाच ना? त्याला बोलण्याआधी त्याचे जुने पेपर एकदा काढून बघा म्हणावं. आणि चेकचं भाऊजींपुढे काढू नका हं, मला शेजारी राहायचंय.