पाच डॉलरचं वर्षासन

विनिपेग, मॅनिटोबा

तीर्थरूप आबांस,


इथल्या मूळ रहिवाशांना सरकार अजून कसले पैसे वाटतं, आणि काल-परवा आलेल्या आपल्यासारख्यांच्या करातून ते का जावेत, हा तुमचा सवाल. आधी रक्कम सांगतो, म्हणजे निम्मा राग तिथेच उतरेल. माणशी वर्षाला पाच डॉलर. ३ ऑगस्ट १८७१ रोजी विनिपेगजवळच्या लोअर फोर्ट गॅरीत अनिशिनाबे आणि क्री लोकांशी तह क्रमांक एक झाला, तेव्हा ठरले होते तीन. १८७५ मध्ये त्याचे पाच झाले, आणि त्यानंतर महागाई भत्ता ही कल्पना आजतागायत कुणाला सुचलेली नाही. वाटपाला लाल कोटातला पोलीस, कोऱ्या नोटा, हस्तांदोलन, असा सगळा सरंजाम दरबारी असतो. रक्कम मात्र अशी की तेवढ्यात इथे बाजार आमटीची वाटी मिळायची नाही, आणि मिळाली तरी ती आपल्या करकंबची नसेल.

पण ही खैरात नव्हे, खरेदीचा हप्ता आहे, एवढंच मला तुम्हाला पटवायचं आहे. १८६७ मध्ये कॅनडा झाला तो पूर्वेकडच्या चार प्रांतांपुरता. पश्चिमेचा अफाट मुलूख हडसन्स बे कंपनीच्या नावावर होता. इंग्लंडच्या राजाने १६७० मध्ये सनद दिलेली ही कंपनी म्हणजे आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीची धाकटी बहीण. थोरली मसाल्यासाठी निघाली, धाकटी बीव्हरच्या कातड्यांसाठी. तिला तीन लाख पौंड मोजून कॅनडाने तिचा हक्क घेतला. विकणारा खूश, घेणारा खूश. जमिनीवर राहणाऱ्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. १८६९ मध्ये लुई रिएल आणि त्याच्या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) साथीदारांनी सरकारी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली, तेव्हा ओटावातल्या सरकारला जाग आली. १७६३ चा राजाचा जाहीरनामा होताच: मूळ लोकांची जमीन राजाने त्यांच्याशी उघड करार करूनच घ्यायची. मग १८७१ ते १९२१ या काळात एकामागून एक अकरा तह झाले. त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. त्या भरवशावर रेल्वे पश्चिमेला गेली, वसाहतकरी आले, प्रांत उभे राहिले. पहिल्या तहात मूळ लोकांच्या पदरात काय पडलं? पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर, शाळा, आणि हे वर्षासन. तोंडी कबूल केलेली शेतीची अवजारं आणि जनावरं कागदावर यायला चार वर्षं गेली. उलट तहाच्या पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि बाहेरून आलेल्या एकट्या वसाहतकऱ्याला दहा डॉलर फी भरून तेवढेच १६० एकर मिळू लागले. हिशेब कोणी लिहिला, हे सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाशी तुमचा काय संबंध? आबा, हे निदान तुम्ही म्हणू नये. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा असलेली जमीन घेतली, की ‘कर्ज मी कुठे काढलं होतं?’ म्हणून सुटका होत नाही, हे तलाठ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. इथल्या प्रत्येक घरावर हा बोजा आहे, आमच्याही. बँकेचा आहे तो वेगळा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: त्यांच्या प्रमुखांनी निशाणी केली ना, मग आता रडगाणं कशाला? हाच न्याय लावला तर आपलं काय होतं ते बघा. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. ते निमित्त पुढे करत इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याची पुण्याच्या तहावर सही घेतली. तीही सहीच होती. १८१९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या वारसांना राज्य कायमचं दिल्याचा तह झाला. हे ‘कायमचं’ वीस वर्षं टिकलं: १८३९ मध्ये महाराज पदच्युत, १८४८ मध्ये राज्यच खालसा. महाराजांचे प्रतिनिधी रंगो बापूजी तो तह काखोटीला मारून लंडनमध्ये चौदा वर्षं भांडले. त्यांना आपण स्वामिनिष्ठ म्हणायचं आणि इथल्या प्रमुखांना कटकटे, हे जमायचं नाही. रंगो बापूजींना निदान वकील गाठण्याची मुभा होती. इथे १९२७ पासून १९५१ पर्यंत असल्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हाच गुन्हा होता.

बरं, ही नुसती भावनेची बाब नाही. ऑन्टारिओतल्या १८५० च्या रॉबिन्सन तहांत लिहिलं होतं की जमिनीचं उत्पन्न वाढलं तर वर्षासन वाढवू. खाणी निघाल्या, जंगलं विकली गेली, आणि वर्षासन १८७५ पासून माणशी चार डॉलरवर घट्ट बसून राहिलं. त्यातल्या एका तहाच्या वारसांशी मागच्या थकबाकीपोटी २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरची तडजोड झाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला वचनभंगाबद्दल खडसावलं. दीडशे वर्षांचा हप्ता तुंबला की आकडा असाच होतो. त्याला लाड म्हणत नाहीत.

राहता राहिला तुमचा ठेवणीतला मुद्दा, की सरकार त्यांच्यावर अब्जावधी खर्चतंच. खर्चतं, पण त्यातला मोठा भाग शाळा, दवाखाने, रस्ते असा, जो इतर नागरिकांना न मागता मिळतो. आमच्या शहराचंच बघा. १९१९ पासून विनिपेग पाणी पितं ते दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकचं. त्या तळ्याकाठच्या शोल लेक ४० या मूळ रहिवाशांच्या वस्तीची जमीन शहराकडे पाणी नेणारा पाट बांधताना गेली, आणि त्याच वस्तीला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून प्या असा हुकूम होता. उजनी धरणाखाली कोणाकोणाच्या जमिनी गेल्या हे पाहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावणं म्हणजे आगाऊपणा.

पोरांना शाळेत तह क्रमांक एक शिकवतात. साताऱ्याचा तह शिकवणारं इथे कोणी नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं रंगो बापूजींवरचं पुस्तक पंढरपुरात मिळालं तर येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. फक्त लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका.

आपला,
बाळू