तपकिरीचे रखवालदार

तंजावरात तपकीर ओढणारे आता थोडेच उरलेत. तपकीर राखणारे त्याहूनही थोडे. यातला अस्सल नमुना पाहायचा असेल तर मानोजिअप्पा वीथीच्या आसपास सकाळी, दुसरी कॉफी झाल्यावर जावं. तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, वेष्टी नेसलेले एक गृहस्थ डबीचं झाकण कानाशी धरून बसलेले दिसतील. गल्लीतले तमिळ लोक त्यांना रायर म्हणतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि पोडीविषयी, म्हणजे तपकिरीविषयी, बोलायचं असेल तर दोन्ही, हा त्यांचा भाषिक तह. झाकण कानाशी अशासाठी, की नीट बसलेलं झाकण उघडताना बारीकसा 'टप्' आवाज करतं. तो आला नाही तर रात्रभर आत वारा शिरला असं समजायचं. मग त्या दिवशी रायरांशी कुणी व्यवहाराचं बोलू नये.

गैरसमज नको. रायर काही मोठे व्यसनी नव्हेत. दिवसाकाठी दोन-तीन चिमटी, त्याही गोगलगाईच्या सावधपणे. त्यांचा सगळा जीव आहे तो साठवणीत. या भागातली पोडी भाजलेल्या तंबाखूची, तूप आणि चुना घालून घोटलेली. चुन्यामुळे ती नाकात चटकन चढते आणि तुपामुळे हाताला लोण्यासारखी मऊ लागते. रायरांच्या हिशोबी संकटंही त्याच दोघांतून येतात. तूप उन्हात खवटतं. चुना ओल पकडला की भुकटीचे खडे होतात. म्हणून त्यांचं पंचांग तपकिरीच्या सोयीचं. चैत्र-वैशाख म्हणायचं नाही. मे महिन्यातली कत्तिरी, म्हणजे अग्निनक्षत्र, लागली की 'सुकण्याचे दिवस', आणि ऐप्पसी-कार्तिकैचा परतीचा पाऊस कावेरीच्या खोऱ्यावर कोसळू लागला की 'गोळा होण्याचे दिवस'. उरलेल्या काळात माणसांनी लग्नं-मुंजी उरकून घ्याव्यात.

सुकण्याच्या दिवसांत उपाय केळीचा. जुन्या काळी दुकानदार पोडी बांधून देत ते केळीच्या वाळलेल्या सोपटात. त्या पुडीला पोडी मट्टै म्हणतात. सोपट ओल धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, शिवाय स्वतःचा वास देत नाही. आता बाजारात प्लास्टिकच्या डब्या आल्या आणि रायरांच्या मते नाकांचा ऱ्हास तिथून सुरू झाला. गोळा होण्याच्या दिवसांत मात्र काचेची बरणी. हॉर्लिक्सची जुनी बाटली, झाकणाच्या आत रबराचं वेढं, आणि ती ठेवायची उंबऱ्याच्या आतल्या अंधाऱ्या कोनाड्यात. देवघरात नाही, कारण कापूर. स्वयंपाकघरात नाही, कारण हिंग. कॉफीच्या डब्याजवळ तर नाहीच. पोडी शेजाऱ्याचा वास उचलते आणि आपला विसरते, हे सांगताना रायर समोरच्या घरातल्या, चेन्नईहून परतलेल्या मुलाकडे बघतात.

रोजच्या वापराची डबी वेगळी. पितळेची चालते, पण आतून कल्हई हवी. बरणीतून डबीत आठवड्याला एकदाच, तेही कोरड्या चमच्यानं. बोट घालणाऱ्याला रायर त्या घरचा जावई असला तरी माफ करत नाहीत. कारण बोटाला घाम असतो. या सगळ्या जपणुकीवर त्यांचं असं म्हणणं, की सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांना गवती चहाचं तेल लावून ती जपतात त्याचं कौतुक जगभर होतं. आपणही पानच जपतो, फरक एवढाच की आपलं पान दळलेलं आहे. सरफोजीराजांनी ग्रंथ गोळा केले, 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरवून ठेवला. टिकवणं हा या गावचा धर्मच आहे म्हणे.

इतिहास तर त्यांच्या जिभेवर तयारच असतो. अकबराच्या दरबारात तंबाखू नेली ती असद बेगनं, विजापुराहून. व्यंकोजीराजे तंजावरात आले तेही विजापूरकरांचे सरदार म्हणून, 1675-76च्या सुमारास. म्हणजे मराठे आणि तंबाखू एका गावचे पाहुणे! 1855 साली इंग्रजांनी आपलं राज्य खालसा केलं, तंबाखू मात्र अजून गादीवर आहे. हे वाक्य रायर दर पाहुण्यापुढे म्हणतात आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे थांबतात.

रायरांच्या पत्नीचा, म्हणजे मामींचा, या इतिहासाला विरोध नाही, भूगोलाला आहे. कोनाडा त्यांना लोणच्याच्या बरणीसाठी हवाय. एकदा त्यांनी सरळ हॉर्लिक्सची बाटली फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली. बाहेर काढताच काचेला घाम फुटला, आतल्या पोडीचा लाडू झाला आणि संध्याकाळच्या ताकाला शिंक येऊ लागली. रायर दोन दिवस मौन. तिसऱ्या दिवशी त्यांनी अण्णादुराईंचा दाखला काढला: मुख्यमंत्री असूनही ते तपकीर ओढायचे, मग आम्ही काय पाप केलं? मामी भांडी घासता घासता म्हणाल्या, "ते 1969 साली कॅन्सरनं गेले, तेही सांगा की." रायर गप्प. हल्लीच्या डबीवरही तेच भयंकर चित्र छापलेलं असतं. मामींचा युक्तिवाद आणि सरकारचं चित्र, दोन्ही खरी आहेत हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच चित्राची बाजू ते भिंतीकडे करून ठेवतात. मामींची बाजू तशी करता येत नाही.

एक गोष्ट गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. रायरांच्या बरणीतली उत्तम पोडी आजवर दुसऱ्या कुणी ओढलेली नाही. ती नेहमी 'मुरते' आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कमरेची दुसरी डबी असते, तिच्यात गेल्या कत्तिरीची उरलेली भुकटी. पाहुणा चिमूट घेतो, सात शिंका देतो, डोळे पुसतो. रायर समाधानानं म्हणतात, "बघा राव, किती ताजी!" वास्तविक मुरलेल्या ओढणाऱ्याला ताज्या पोडीनं शिंक येत नाही, हे त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं असतं.

पुण्याचा कुणी आप्त निघाला आणि आठवण म्हणून चिमूटभर मागितली, की मात्र रायरांची खरी कसोटी लागते. ते आत जातात. कोनाड्याशी उभे राहिल्याचा आवाज येतो. झाकणाचा येत नाही. बाहेर येतात तेव्हा हातात कमरेचीच डबी असते. मग सोपटाचा तुकडा कापून, केळीच्याच दोऱ्यानं पुडी बांधतात, इतकी सुबक की आतल्या मालाबद्दल शंका घ्यायला माणूस धजावत नाही. पुडी पावशेर मोहरा ठेवल्यासारखी पिशवीत जाते आणि सूचना सुरू होतात: उन्हात नको, कपड्यांत नको, साबणाजवळ तर मुळीच नको. रिक्षात बसेपर्यंत निम्म्या होतात, उरलेल्या तंजावर जंक्शनच्या फलाटावर. गाडी हलते, तरी वेष्टी सावरत रायर खिडकीबरोबर चालत असतात.

"आणि एसीच्या डब्यात काढू नका हो! एसी सुकवतो!"

पाहुणा स्लीपर क्लासमध्ये असतो.