गाडी लीजची, पावती चालकाची

इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या आवारात गाडी जास्त वेळ रेंगाळली, की खासगी पार्किंग कंपनी डीव्हीएलए या वाहन-परवाना संस्थेला अडीच पौंड मोजून गाडीची नोंद मिळवते. लीजच्या गाडीवर नाव निघते ते लीज कंपनीचे, म्हणून पैसे भरण्याची नोटीसही तिलाच जाते.

काही लीज कंपन्या चालकाला न विचारताच पैसे भरतात आणि स्वतःची ‘ॲडमिन फी’ चढवून ते वसूल करतात. केवढा हा सेवाभाव!

खरे तर 2012च्या कायद्यानुसार जबाबदारी भाडेकरूवर, म्हणजे गाडी लीजवर घेणाऱ्यावर, टाकायची, तर पार्किंग कंपनीने नोटिशीसोबत भाडेकरार आणि भाडेकरूने सही केलेले जबाबदारीचे निवेदन यांच्या प्रती धाडाव्या लागतात.

मात्र 2015मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 85 पौंडांची अशी आकारणी वैध ठरवली आहे. तेव्हा लीजवर गाडी घेणाऱ्यांनी नोटीस केराच्या टोपलीत टाकू नये. आधी सोबतचे कागद तपासावेत.