दुसऱ्या रांगेतले सर

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. विभागातले प्राध्यापक, इतर संशोधक, विषयात रस असलेली जाणकार मंडळी, सगळ्यांना तिथे येऊन बसता येतं, असं यूजीसीच्या 2016च्या नियमांत छापलेलं होतं. हा नियम मनावर घेतलेला विद्यापीठात एकच माणूस सापडतो. तो निवृत्त असतो आणि दुसऱ्या रांगेत बसतो. पहिल्या रांगेत उमेदवाराचे सासू-सासरे असतात.

सरांना विषयाचं बंधन नाही. सोमवारी गोगलगायी, गुरुवारी सहकारी पतसंस्था. नोटीस बोर्डावर कागद लागायचा अवकाश, की लग्नपत्रिकेची कोरी पाठ खिशात घालून सर हजर.

तसं पाहिलं तर निकालाची उत्सुकता कोणालाच नसते. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल अनुकूल आल्याशिवाय व्हायव्हा लागतच नाही, त्यामुळे पेढ्यांचे पुडे उमेदवाराच्या आधी सभागृहात पोचलेले असतात. मामा मोबाइलवर शूटिंग करतात. उमेदवार बहात्तर स्लाइडपैकी चाळीस ‘वेळेअभावी’ पुढे सरकवतो. परीक्षकांना साडेचारची गाडी असते. गाइड तर वधुपित्याच्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघून हसत असतात.

मग अध्यक्ष म्हणतात, ‘‘सभागृहातून कोणाला काही विचारायचं असेल तर...’’ आणि अख्खा विभाग नकळत मागे वळतो.

‘‘प्रश्न नाही,’’ सर उठत म्हणतात, ‘‘एक छोटीशी टिप्पणी आहे.’’

या टिप्पणीत त्यांचे स्वतःचे गाइड येतात, हाताने लिहून टायपिस्टकडे दिलेला प्रबंध येतो, कार्बनच्या प्रती येतात. परीक्षक घड्याळ बघतात. तेवढ्यात तीन प्रश्न बाहेर पडतात. तुमचं गृहीतक काय होतं? नमुना किती घेतला? आणि याचा समाजाला उपयोग काय? विषय बदलला म्हणून प्रश्न बदलायचं कारण सरांना आजवर पटलेलं नाही. एकनाथांच्या भारुडांवर काम केलेल्या एका मुलीलाही त्यांनी नमुना विचारला. ‘‘सर, एकनाथ एकच होते,’’ ती म्हणाली. ‘‘मग निष्कर्ष काढण्यात घाई झाली,’’ असा सरांनी शेरा मारला.

टेबलावरचा प्रबंध ते हातात घेतात ते मात्र मागून. संदर्भसूचीत स्वतःचं नाव दिसलं तर काम ‘कष्टाचं’, नाही दिसलं तर ‘संदर्भांत मोठी उणीव’. पण एक सांगतो, त्या सभागृहात प्रबंधाचं एक तरी पान उलटून बघणारे प्रेक्षक तेवढेच. बाकीचे आम्ही वड्यांचा वास कुठून येतोय ते बघत असतो.

उत्तराची चिंता नसते. ‘‘अतिशय मौलिक सूचना आहे सर, पुढच्या संशोधनात नक्की विचार करीन,’’ हे वाक्य प्रत्येक गाइड सिनॉप्सिसच्या आधी पाठ करून घेतो.

2020 साली टाळेबंदीत व्हायव्हा ऑनलाइन झाल्या, तेव्हा सर नातवाच्या मदतीने तिथेही आले. अध्यक्षांनी विचारताच ते चौकटीत उठून उभे राहिले. आम्हाला शर्टाची दोन बटणं तेवढी दिसत होती, माइक बंद होता. बटणं बराच वेळ हलत राहिली. थांबली तसा उमेदवाराने नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘अतिशय मौलिक सूचना आहे सर.’’

सर समाधानाने खाली बसले.